भजनाच्या वहीची मागची पानं

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या बऱ्याच माळकरी घरांत देव्हाऱ्याशेजारी एक जाड पुठ्ठ्याची वही असते. पुढून उघडली तर हरिपाठ, काकड्याचे अभंग, गौळणी. तीच वही उलटी करून मागून उघडली, की दुधाचा हिशेब, भात मळणीला आलेल्या गड्यांची हजेरी, सौंदत्तीला नेलेल्या गाडीचं भाडं. माझ्या आजोबांच्या वहीत मधेच गावच्या नाटकातलं एक लांबलचक भाषणही उतरवलेलं आहे. अभंगाला जी शाई, तीच नाटकाला आणि तीच पेंडीच्या पोत्यांना. देव, करमणूक आणि घरचा दिवस असे एका वहीत नांदतात, ही सीमाभागातल्या घरगुती लिखाणाची जुनी रीत आहे. ती कुठून आली, ते मांडावंसं वाटलं.

वहीच्या आधी जातं होतं. पहाटे दळताना बायका ओव्या म्हणत, आणि त्यात विठोबा, माहेरचा भाऊ, सासूचा बोल, बाजारात नवीन आलेल्या बांगड्या, पहिल्यांदा पाहिलेली मोटार हे सगळं एकाच दमात येई. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, तेव्हा या भांडाराचा आवाका कळला. आमच्याकडे या ओव्यांत सौंदत्तीची यल्लम्मा आली. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूरपासूनची माणसं ‘उदो गं आई उदो’ करत डोंगरावर जातात, देवीला वाहिलेल्या जोगतिणी चौंडकं वाजवत ‘जग’, म्हणजे देवीची टोपली, डोक्यावर घेऊन फिरतात. याच भक्तीच्या आडून मुली देवीला सोडल्या गेल्या, हेही विसरून चालणार नाही. कर्नाटकात त्याविरुद्ध कायदा झाला तो १९८२ साली. ओवीत देवीचा मोठेपणा आहे तसं बाईचं दुःखही आहे, आणि म्हणून मला ती पोथीपेक्षा जास्त खरी वाटते.

कागदावर आपलं घर आणि आपली श्रद्धा मांडणारा सुरुवातीचा एक मोठा लेखक याच मातीतला. बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावात, कासार घरात जन्मले. इथल्या मिशन शाळेत शिकले, पुढे मुंबईला गेले आणि १८५४ मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८५७ सालचं त्यांचं ‘यमुनापर्यटन’ मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बहुतेकांना ठाऊक असतं. विधवांच्या हालांवरचं ते पुस्तक. पण या विषयासाठी मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं आत्मचरित्र, ‘अरुणोदय’. धर्म का बदलला हे सांगायचं म्हणून ते लिहायला बसले, आणि सांगता सांगता त्यांना लहानपणीचं घर उभं करावं लागलं. पूजाअर्चा, व्रतवैकल्यं, शाळा, वडीलधाऱ्यांचा वचक. जो धर्म सोडला, त्याच्या घरातल्या चालीरीती त्यांनी बारकाईनं नोंदल्या. धर्मांतराबद्दल वाचकाचं मत काहीही असो, ‘माझा देव कोणता’ हा प्रश्न घरच्या रोजच्या जगण्यातूनच सोडवावा लागतो, हे मराठी गद्यात इतक्या लवकर कुणी क्वचितच लिहिलं असेल.

मग नाटक. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ होते. अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ सालचेच आणि जन्मानं बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० मध्ये त्यांचं ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटकाची लाट उठली. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आलं. अण्णासाहेबांनी कानडी चालींवर मराठी पदं बांधली. ‘सौभद्रा’तले कृष्ण, बलराम, सुभद्रा ऐका. सोयरीक कुणाशी करायची यावरून तंटणारी ती आपल्या घरातली भावंडं वाटतात. इकडे गोकाक भागात कुळगोडच्या तम्मण्णांनी नावारूपाला आणलेलं कानडी ‘श्रीकृष्ण पारिजात’ आहे. त्यात तर सगळा खेळ एका फुलावरून रुक्मिणी आणि सत्यभामा यांच्यात पेटलेल्या भांडणाचा. दोन भाषांतल्या या रंगभूमीनं इथल्या माणसाला देव घरच्या बोलीत बोलताना दाखवला. जत्रेच्या रात्री मंडपात बसलेला शेतकरी एकाच वेळी दर्शन घेत होता आणि करमणूकही. आजोबांच्या वहीत नाटकाचं भाषण अभंगाला खेटून का आलं, ते मला इथे उमगतं.

कानडी पदंही त्या वहीत आहेत, देवनागरीत लिहिलेली. कानडी संतकवी शिशुनाळ शरीफांची तत्त्वपदं आजोबांनी कानावर आली तशी उतरवली. कानडी लिपी त्यांना येत नव्हती, अर्थ मात्र पक्का कळत होता. ज्ञानदेवांनीच विठ्ठलाला ‘कानडा’ आणि ‘कर्नाटकु’ म्हटलंय, तेव्हा त्यात वावगं ते काय! घरात अक्का, अण्णा, अप्पा अशा हाका असतात, आणि त्या कुठल्या भाषेच्या हे कुणी विचारत नाही.

राज्यकारभारात मात्र ते विचारलं गेलं. १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात साहित्य संमेलन भरलं आणि तिथून संयुक्त महाराष्ट्राची मागणी जोरानं पुढे आली. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, २००४ पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या वादाचा सगळा पट इथे उलगडत नाही. लिहिण्यावर काय परिणाम झाला, एवढंच बघायचं आहे. जमिनीचा उतारा, कचेरीतला अर्ज, बसवरची पाटी, सगळं कानडीत गेलं. मराठी शाळा राहिल्या, १९१९ मध्ये बाबुराव ठाकुरांनी काढलेलं ‘तरुण भारत’ राहिलं. बाकी मराठी जिथे मोकळेपणी नांदली त्या जागा म्हणजे भजनाचा ओटा, गणपतीचा मंडप, शिवजयंतीचे रात्रभर चालणारे चित्ररथ, जत्रेतलं नाटक आणि स्वयंपाकघर. माझं मत असं, की इथला माणूस स्वतःसाठी मराठीत काही लिहायला बसला की देव, करमणूक आणि घर हेच तीन विषय त्याच्या हाताशी येतात, कारण त्याची लिहिती भाषा याच ठिकाणी टिकून राहिली. कचेरीची मराठी त्याला कुणी दिलीच नाही.

रेडिओनं या वहीत भर घातली. १९५० मध्ये सुरू झालेलं आकाशवाणीचं धारवाड केंद्र आणि १९६३ मध्ये सुरू झालेलं सांगली केंद्र ही दोन्ही आमच्याकडे लागत. पहाटेचं भक्तिगीत ऐकता ऐकता उतरवून घ्यायचं, एखादी ओळ निसटली तर जागा कोरी सोडून पुन्हा लागेल तेव्हा भरायची. आजोबांच्या वहीत अशा काही जागा अजून कोऱ्या आहेत.

आणि मग संत बाळूमामा. निपाणीजवळच्या अक्कोळमध्ये १८९२ मध्ये धनगर घरात जन्मलेला हा माणूस कानडी आणि मराठी दोन्ही बोलायचा, बकरी राखत गावोगाव फिरायचा. १९६६ मध्ये आदमापुरात देह ठेवला. त्यांच्या बकऱ्यांचे कळप आजही या भागात शिवारं चरत फिरतात, आणि आपल्या रानात बग्गा, म्हणजे असा एखादा कळप, बसला तर शेतकऱ्याला कृतार्थ वाटतं. २०१८ मध्ये त्यांच्यावर दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. आमच्या गल्लीत ती लागायच्या आधी बायका हातपाय धुऊन, भंडारा लावून बसत. मालिका हा करमणुकीचा कार्यक्रम आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरीही चपला बाहेरच. माझ्या आईनं त्या दिवसांत कॅलेंडरच्या चौकटीत गॅस सिलिंडर आल्याच्या तारखेखाली ‘आज मामांचं लग्न दाखवलं’ असं लिहून ठेवलं आहे. आजोबांच्या वहीचीच ही पुढची पानं.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा या गावांतली ग्रामीण साहित्य संमेलनंही याच वळणाची. सकाळी ग्रंथदिंडी निघते ती टाळमृदंगाच्या गजरात. पालखीत पुस्तकं असतात, दारोदारच्या बायका पालखीला ओवाळतात, पुढे लेझीम. दुपारी कथाकथन, मग कवींची हजेरी. लोकवर्गणीवर चालणाऱ्या या मंडपात शेतकरी उठून आईवरची कविता वाचतो आणि खाली बसून जेवणाच्या पंगतीत वाढायला लागतो.

आता भजनी मंडळं जुन्या वह्या टाईप करून छापील पुस्तिका काढू लागली आहेत. चांगलंच आहे, म्हाताऱ्यांना अक्षर मोठं मिळतं. पण त्यात फक्त अभंग घेतात. दुधाचा हिशेब, नाटकातलं भाषण, देवनागरीतलं कानडी पद आणि रेडिओसाठी सोडलेली कोरी जागा गाळली जाते, आणि मग मूळ वही रद्दीत जाते. आमच्या घरच्या तीनपैकी एक अशीच गेली. ज्यांच्याकडे अजून असतील त्यांनी फोटो काढताना वही मागूनही उघडावी, आणि शेवटच्या पुठ्ठ्याच्या आतली बाजूही सोडू नये. आजोबांनी तिथे यल्लम्माला जायची तारीख आणि गाभण म्हशीचे दिवस एकाच ओळीत लिहिले आहेत.