मोबाइल ॲपमध्ये डॉट-ईएनव्ही फाइल आली कुठून?

विकासासाठीचा डेव्ह, चाचणीसाठीचा स्टेजिंग आणि खऱ्या वापराचा प्रॉडक्शन असे तीन सर्व्हर असले की ॲपलाही तीन पत्ते सांभाळावे लागतात. एक्लिप्स या जुन्या कोड-लेखन साधनाच्या काळात अँड्रॉइडवर हे पत्ते बहुधा स्थिर मूल्यांच्या एका कॉन्स्टंट्स फाइलमध्ये असत आणि रिलीजआधी कुणीतरी हाताने ओळ बदलत असे. २०१३ मध्ये ग्रेडल या साधनावर आधारलेली बिल्ड पद्धत (कोडमधून ॲप तयार करण्याची) आली आणि तिच्यासोबत प्रॉडक्ट फ्लेवर, म्हणजे एकाच कोडमधून ॲपचे वेगवेगळे प्रकार काढण्याची सोय. फ्लेवरनुसार ॲप्लिकेशन आयडी, म्हणजे फोनसाठी ॲपची ओळख, वेगळा ठेवता येत असल्याने स्टेजिंगचं आणि खरं ॲप एकाच फोनवर नांदू लागलं. आयओएसवर हेच काम बिल्ड कॉन्फिगरेशन, स्कीम आणि एक्ससीकॉन्फिग ही सेटिंगची मजकूर फाइल मिळून करतात. एक्ससीकॉन्फिगमध्ये दोन तिरप्या रेघांपुढचं सगळं कॉमेंट, म्हणजे दुर्लक्षित टिपण, धरलं जातं, त्यामुळे सरळ लिहिलेली यूआरएल 'एचटीटीपीएस:'पाशीच तुटते.

खरा वाद ज्या डॉट-ईएनव्ही फाइलवर आहे, ती मात्र मोबाइलच्या बाहेरून आली. २०११ च्या सुमारास सर्व्हरवरच्या ॲप्ससाठी बारा कलमांची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. कॉन्फिगरेशन (पत्ते, पासवर्ड अशी मूल्यं) कोडमध्ये नको, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या मूल्यांत ठेवा, असं त्यातलं एक कलम. कोड आत्ता जगजाहीर केला तरी एकही पासवर्ड फुटता कामा नये, ही त्याची कसोटी. डेव्हलपरच्या मशीनवर सोय म्हणून ही मूल्यं लिहिलेली डॉट-ईएनव्ही ही साधी मजकूर फाइल रूढ झाली. २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह हे जावास्क्रिप्टमधून मोबाइल ॲप बनवण्याचं साधन खुलं झालं, वेबवाले मोबाइलकडे वळले आणि येताना ही फाइल घेऊन आले.

सर्व्हरवर प्रोसेस (चालू प्रोग्राम) सुरू होताना ही मूल्यं तिच्या हाती पडतात आणि ते मशीन टीमच्या ताब्यात असतं. फोन वापरणाऱ्याच्या ताब्यात असतो. तिथे मूल्यं बिल्डच्या वेळीच ॲपमध्ये जातात : कुठे अँड्रॉइडच्या बिल्डकॉन्फिग या आपोआप तयार होणाऱ्या क्लासमध्ये, कुठे जावास्क्रिप्ट बंडलमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या कोडमध्ये. फ्लटर या ॲप बनवण्याच्या दुसऱ्या साधनाच्या एका लोकप्रिय पॅकेजमध्ये तर अख्खी फाइल ॲसेट म्हणून, चित्रांसारखी ॲपसोबत, जाते. एपीके ही अँड्रॉइड ॲपची फाइल म्हणजे झिपच असते. उघडली की फाइल समोर. गिटइग्नोरमुळे (गिट या कोड साठवण्याच्या साधनाने वगळायच्या फाइलींची यादी) ती रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, जात नाही, ग्राहकाच्या फोनवर मात्र जाते.

या फाइलची बाजू घेणारे म्हणतात, एपीआयचा (ॲप ज्या सर्व्हर-सेवेशी बोलतं तिचा) पत्ता गुपित नसतोच आणि दोन्ही प्लॅटफॉर्मना एकच फाइल पुरते. हे खरं आहे. पण सर्व्हरवर या फाइलभोवती जो गुप्ततेचा विश्वास होता, तोही सोबत आला, आणि पेमेंट गेटवेच्या सीक्रेट की तिच्यात ठेवल्या जाऊ लागल्या. नुकसान झालं ते इथे. रिॲक्ट नेटिव्हसाठीच्या एका प्रचलित लायब्ररीने संवेदनशील की यात ठेवू नका, असं स्वतःच्या माहितीपत्रात लिहून ठेवलं आहे. तो इशारा फार कमी जणांनी मनावर घेतला.

२०२० मध्ये फ्लटर १.१७ सोबत डार्ट-डिफाइन हा बिल्डचा पर्याय आला. मूल्य बिल्डच्या कमांडवर द्यायचं, कोडमध्ये ते कंपाइल-टाइम कॉन्स्टंट, म्हणजे बिल्डच्या वेळीच ठरलेलं स्थिर मूल्य, म्हणून मिळतं. 'कॉन्स्ट' न लिहिता वाचलं तर मिळेलच याची खात्री नाही, आणि डीफॉल्ट मूल्यावर ॲप बिनबोभाट चालत राहू शकतं. कमांड लांबत गेल्या, तेव्हा जानेवारी २०२३ च्या ३.७ आवृत्तीत सगळं जेसन या मजकूर-स्वरूपातल्या एका फाइलमधून देण्याची सोय झाली. त्याच वर्षी अँड्रॉइडच्या ग्रेडल प्लगिनच्या ८.० आवृत्तीत बिल्डकॉन्फिग तयार करणं डीफॉल्टने बंद झालं आणि अपग्रेड केलेले अनेक जुने प्रोजेक्ट अडले.

डार्ट-डिफाइनमधली मूल्यंही बायनरीतून, म्हणजे तयार ॲपच्या फाइलमधून, काढता येतात. म्हणून काळजी घेणाऱ्या टीम सीक्रेट की आपल्या सर्व्हरवरच ठेवतात आणि ॲपला अल्प मुदतीचं टोकन (तात्पुरता परवाना) देतात. मग उरलेली जेसन फाइल गिटमध्ये टाकायला हरकत नाही, असं एक मत आहे. सवयीने ती अजूनही इग्नोर केली जाते.