ज्याची दारू सुटली, त्यानंच सांगावं

संध्याकाळी एखाद्या शाळेच्या वर्गात पंधरावीस माणसं जमतात. त्यातला एक आपलं पहिलं नाव सांगतो, 'मी मद्यपी आहे' म्हणतो आणि स्वतःची कहाणी सांगू लागतो. मध्ये कोणी बोलत नाही, शहाणपण शिकवत नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संस्थेच्या अशा मीटिंगा आपल्याकडे मराठीतूनही भरतात. उपदेश टाळून फक्त अनुभव सांगायची ही रीत बऱ्याच ठेचा खाऊन पडली आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत दारूबंदीवाल्यांची व्याख्यानं जोरात होती. बोलणारे बहुतेक धर्मोपदेशक, आयुष्यात थेंबही न घेतलेले. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात बसणाऱ्या सहा मित्रांनी स्वतःच दारू सोडायची शपथ घेतली. 'वॉशिंग्टोनियन' म्हणवणाऱ्या या मंडळींनी व्याख्यानं बाजूला ठेवली. त्यांच्या सभेत सुटलेला माणूस उभा राहून आपली धूळधाण कशी झाली ते सांगे. १८४२ मध्ये अब्राहम लिंकननं त्यांच्यापुढं भाषण करताना नेमकं हेच हेरलं होतं: दारुड्याला शिव्या घालणाऱ्यांपेक्षा त्या बेडीतून सुटून आलेल्याचं बोलणं जास्त पटतं. पण चळवळ राजकारणात आणि दारूबंदीच्या वादात ओढली गेली आणि काही वर्षांतच विरली.

तोच धडा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या दोन संस्थापकांपैकी एक, बिल विल्सन, याला पुन्हा पहिल्यापासून गिरवावा लागला. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात वावरलेला हा माणूस डिसेंबर १९३४ मध्ये इस्पितळात दाखल झाला आणि तिथून त्याची दारू सुटली. मग तो भेटेल त्या दारुड्याला आपला आध्यात्मिक साक्षात्कार ऐकवत सुटला. पाचसहा महिन्यांत एकही सुधारला नाही. त्याच्या डॉक्टरांनी, विल्यम सिल्कवर्थ यांनी, त्याला बजावलं की प्रवचन बंद कर; हा आजार शरीरात काय करतो, ते आधी सांग.

मे १९३५ मध्ये धंद्याच्या कामासाठी तो ओहायोतल्या ॲक्रनला गेला. काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा, बाजूच्या बारमधून हसण्याखिदळण्याचे आवाज येताहेत. पाय तिकडं वळायच्या आत त्यानं चर्चच्या यादीतून फोन लावायला सुरुवात केली. मला बोलायला एक दारुडा हवाय, एवढीच त्याची मागणी होती. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. आता तो कोणाला वाचवायला निघाला नव्हता, त्याला स्वतःला वाचायचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याची गाठ दुसऱ्या संस्थापकाशी, डॉ. बॉब स्मिथशी पडली. हा शल्यचिकित्सक, दारूपायी धंदा बुडायला आलेला, उपदेशांनी कान किटलेले. पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही, असं सांगूनच तो आला होता. दोघं सहा तास बोलले. स्मिथनं पुढं लिहिलं की दारूच्या व्यसनाबद्दल स्वतःच्या अनुभवातून बोलणारा, आपलं काय होतंय ते खरंच ठाऊक असलेला माणूस त्याला तेव्हा पहिल्यांदा भेटला. तरी तो एकदा घसरलाच. १० जून १९३५ ला शस्त्रक्रियेआधी हाताची थरथर थांबावी म्हणून घेतलेली बिअर ही त्याची शेवटची. संस्था तोच दिवस आपला जन्मदिवस मानते. १९३९ मध्ये त्यांनी पुस्तक काढलं, त्यात निम्म्याहून जास्त पानं सुटलेल्यांच्या कहाण्यांना दिली.

भारतात हे काम १९५७ च्या सुमारास मुंबईत रुजलं. पुण्यात ऑगस्ट १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. ते निघालं गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) विळख्यातल्या पोरांसाठी, पण दारूचे रुग्णही येऊ लागले. उपचार घेऊन बरे झालेले कित्येक जण तिथंच कार्यकर्ते झाले. नव्यानं आलेला थरथरत, चिडत बसलेला असतो, तेव्हा त्याच्याशेजारी बसणारा कधीकाळी त्याच खाटेवर झोपलेला असतो.

बायकांकडं मात्र लक्ष उशिरा गेलं. अमेरिकेत नवरे मीटिंगमध्ये बोलत, तेव्हा बायका बाहेर मोटारींत वाट पाहत बसत. विल्सनची बायको लॉइस हिनं त्यांना आत बोलावलं. त्या आपापसात बोलू लागल्या आणि त्यातून १९५१ मध्ये ॲल-ॲनॉन ही वेगळी संस्था उभी राहिली. मुक्तांगणमध्ये अशा बायकांच्या गटाला 'सहचरी' म्हणतात.