पाणी पेशीत एकेकटंच शिरतं

नळाला जोडायच्या यंत्रांच्या जाहिराती व्हॉट्सॲपवर फिरत असतात. किंमत पार लाखाच्या घरात. दावा असा, की साध्या पाण्यात रेणूंचे मोठे पुंजके असतात आणि ते पेशीत शिरत नाहीत. यंत्र त्यांचे छोटे, ‘षट्कोनी’ पुंजके करतं आणि मग पाणी पेशीत झरझर झिरपतं. पाण्यातले हायड्रोजन बंध सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या हिशेबात तुटतात-जुळतात, तेव्हा यंत्रातून पेल्यात पडेपर्यंत कुठलाच पुंजका शिल्लक राहत नाही, हे याला एक उत्तर झालं. मला जास्त आवडतं ते दुसरं: पेशीला पाण्यासाठी जे दार आहे, तेच जवळून बघा.

पेशीपटल मेदाचं असतं. त्यातून पाणी थोडंफार झिरपतं, पण रक्तातल्या तांबड्या पेशींत ते फारच वेगाने ये-जा करतं आणि पाऱ्याची संयुगं घातली की हा वेग घसरतो. म्हणजे यामागे एखादं प्रथिन असणार, असा संशय जुना होता. ते सापडलं मात्र योगायोगाने. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर आग्रे ऱ्हीसस रक्तगटाचं प्रथिन वेगळं करत होते, तेव्हा त्यासोबत एक अनोळखी प्रथिन सारखं हाती येत राहिलं. १९९२ साली त्यांच्या गटाने ते बेडकाच्या अंडपेशींत बनवून घेतलं आणि त्या पेशी पातळ द्रावणात ठेवल्या. एरवी टिकणाऱ्या त्या पेशी पाणी शोषून फुगल्या आणि फुटल्या. या प्रथिनाचं नाव पडलं ॲक्वापोरिन-१. २००३च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये आग्रे यांना वाटा मिळाला.

पण दार सापडणं वेगळं आणि ते कसं चालतं हे कळणं वेगळं. एकाच प्रथिनाची रचना कितीही बारकाईने पाहिली, तरी त्यातली कोणती अमिनो आम्लं (प्रथिनाच्या साखळीतले मणी) कामाची आणि कोणती नुसती भरीची, हे सांगता येत नाही. त्यासाठी भाऊबंद लागतात. तेही वेगळी कामं करणारे. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूत अशी जोडी आहे: पाण्यासाठी ॲक्वापोरिन-झेड आणि ग्लिसरॉलसाठी जीएलपीएफ. सॅन फ्रान्सिस्कोतल्या रॉबर्ट स्ट्राउड यांच्या गटाने जीएलपीएफची रचना २०००मध्ये आणि ॲक्वापोरिन-झेडची २००३मध्ये मांडली.

या रचना एकमेकींवर ठेवल्या की सांगाडा चांगलाच जुळतो. पटलाच्या आरपार जाणारी सहा सर्पिलं (साखळीची स्प्रिंगसारखी वेटोळी), शिवाय दोन अर्धी सर्पिलं, एक वरून आत आलेलं आणि एक खालून. पत्त्यांतल्या राजाचा खालचा अर्धा जसा वरच्याचीच उलटी नक्कल असतो, तसे या प्रथिनाचे दोन अर्धे एकमेकांना उलटे आहेत. अर्ध्या सर्पिलांची टोकं मधोमध भेटतात आणि दोन्ही टोकांवर ॲस्पॅराजिन-प्रोलिन-ॲलानिन ही तीच तिकडी असते. माणसाचं ॲक्वापोरिन-१ आणि जिवाणूचं जीएलपीएफ यांच्यात तीस टक्क्यांच्या आसपासच अमिनो आम्लं जुळतात, तरी ही तिकडी दोघांतही जागच्या जागी आहे.

फरक दिसतो तो बाहेरच्या बाजूला, वाटेच्या सर्वांत अरुंद जागी. तिथे चार अमिनो आम्लांचं कडं आहे. ॲक्वापोरिन-१मध्ये फेनिलॲलानिन, हिस्टिडिन, सिस्टीन आणि आर्जिनिन. ॲक्वापोरिन-झेडमध्ये सिस्टीनच्या जागी थ्रिओनिन, बाकी तेच. जीएलपीएफमध्ये ट्रिप्टोफॅन, ग्लायसिन, फेनिलॲलानिन आणि आर्जिनिन. हिस्टिडिन जाऊन चिमुकलं ग्लायसिन आलं की भोक २.८ आंगस्ट्रॉमवरून (एक आंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) साडेतीनच्या आसपास जातं. ग्लिसरॉलच्या एका अंगाला तीन हायड्रॉक्सिल गट असतात, दुसरं अंग तेलकट. जीएलपीएफच्या कड्यात एका कोपऱ्याला दोन तेलकट वलयं आणि समोर आर्जिनिन. रेणू अलगद बसतो! गंमत म्हणजे भोक मोठं असूनही जीएलपीएफमधून पाणी ॲक्वापोरिन-झेडपेक्षा कमी जातं. तेलकट भिंतीवर पाण्याला धरायला फारसं काही मिळत नाही. पाऱ्याचं कोडंही इथेच सुटतं: पारा ॲक्वापोरिन-१च्या कड्यातल्या सिस्टीनला चिकटतो आणि वाट बुजते.

२.८ आंगस्ट्रॉम म्हणजे पाण्याच्या एका रेणूची जाडी. पुंजका छोटा असो की मोठा, षट्कोनी की अष्टकोनी, इथून एका वेळी एकच रेणू जातो. तरीही एका वाटेतून सेकंदाला सुमारे ३०० कोटी रेणू पार होतात.

आता खरी अवघड गोष्ट. पाण्याचे रेणू असे ओळीत लागले की त्या ओळीवरून प्रोटॉन (हायड्रोजनचे धनप्रभारी अणुगर्भ, ज्यांच्यावर सामू ठरतो) एका रेणूवरून पुढच्यावर उड्या मारत पळायला हवेत. तसं झालं तर पेशीची पंचाईत, कारण पटलाच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनमधल्या फरकावरच जिवाणू ऊर्जा कमावतो. मग पाणी जातं आणि प्रोटॉन अडतो, हे कसं? मधल्या दोन ॲस्पॅराजिनांशी रेणूच्या ऑक्सिजनचे बंध जुळतात, त्यामुळे तिथे रेणू वळतो. ओळीच्या वरच्या अर्ध्यात हायड्रोजनांची तोंडं वर, खालच्या अर्ध्यात खाली. शिवाय अर्ध्या सर्पिलांची टोकं अंशतः धनप्रभारी आणि कड्यातलं आर्जिनिन पुरतं धनप्रभारी, तेव्हा धन प्रोटॉनला तिथे येणंच महाग पडतं. यातलं जास्त वजन कशाचं, यावर बराच वाद झाला. संगणकीय अभ्यासांचा कौल प्रभाराच्या अडसराकडे झुकला. २००६मध्ये ॲक्वापोरिन-१च्या कड्यातली हिस्टिडिन आणि आर्जिनिन बदलून पाहिली, तेव्हा युरिया आणि ग्लिसरॉल तर जाऊ लागलेच, प्रोटॉनही गळू लागले. पाण्याचा सामू वाढवून पेशी ‘अल्कधर्मी’ करू म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग वाचायला हरकत नाही.

माणसात या कुळातली तेरा प्रथिनं आहेत. मूत्रपिंडात रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातलं बहुतेक सगळं पाणी परत घेण्यात यांचा मोठा हात असतो. कुळाचा पसारा परजीवींपर्यंतही जातो. काळा आजार घडवणाऱ्या लीशमेनियातलं असंच एक प्रथिन ग्लिसरॉल आत घेतं, आणि ग्लिसरॉलशी ठेवण जुळल्यामुळे अँटिमनीच्या औषधाचं त्रिसंयुजी रूपही त्याच वाटेने आत जातं. प्रयोगशाळेत परजीवीतलं हे प्रथिन कमी केलं, तेव्हा तो औषधाला दाद देईनासा झाला.