कोडला हात न लावता बंद पडलेले ॲप: आवृत्तींच्या घोळाची पार्श्वभूमी

महापे एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कार्यालयातून गृहनिर्माण संस्थांची देखभाल-बिले काढणारे एक वेब ॲप चालवले जाते. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी, गांधी जयंतीच्या सुट्टीनंतरच्या मंगळवारी, ते सुरूच होईना, आणि महिन्याची बिले थांबल्यामुळे ऐरोलीतल्या एका सोसायटीच्या सचिवांचा फोन दहाच्या आत आला. कोडमध्ये कोणीही काही बदलले नव्हते. फक्त सुट्टीत सर्व्हर नव्या मशीनवर हलवून सर्व पॅकेजेस, म्हणजे ॲप ज्यांच्यावर चालते ते इतरांनी लिहिलेले तयार कोडचे संच, इंटरनेटवरून पुन्हा उतरवली होती. लॉगची शेवटची ओळ सांगत होती की 'वेर्कझॉयग'मधून 'यूआरएल_कोट' हे फंक्शन इम्पोर्ट करता येत नाही. आमच्या कोडमध्ये हे नाव शोधूनही सापडत नव्हते, कारण ते वापरत होते फ्लास्क, म्हणजे आमचे ॲप ज्यावर बांधले आहे तो पायथन भाषेतला तयार सांगाडा, आणि फ्लास्क ज्याच्या आधारावर उभे आहे ते पॅकेज म्हणजे वेर्कझॉयग.

वेर्कझॉयगची ३.० ही आवृत्ती ३० सप्टेंबरला, म्हणजे आदल्याच शनिवारी, आली होती. तिच्या कर्त्यांना दोष देता येत नाही. हे फंक्शन काढले जाणार असल्याची सूचना एप्रिलमधल्या २.३ आवृत्तीपासून मिळत होती, आणि जुन्या कोडशी न जुळणारा बदल करताना आवृत्तीचा पहिला आकडा वाढवावा हा टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेल्या 'सेमँटिक व्हर्जनिंग'चा नियमही पाळला गेला होता. अडचण पुढे होती. कोणती पॅकेजेस उतरवायची याच्या आमच्या यादीत फ्लास्क २.२.२ असे नेमके लिहिले होते, पण खुद्द फ्लास्कने वेर्कझॉयगसाठी '२.२.२ किंवा त्यापुढची' एवढीच अट घातली होती. वरची मर्यादा नव्हती. त्यामुळे पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजेस उतरवून बसवणाऱ्या साधनाने, नियमाला धरूनच सर्वांत नवी आवृत्ती उचलली.

वरची मर्यादा न घालणे हा निष्काळजीपणा वाटतो, पण त्यामागे कारण आहे. पायथनमध्ये एका एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे पॅकेजेस बसवण्याच्या एका स्वतंत्र जागेत, एका पॅकेजची एकच आवृत्ती राहू शकते. प्रत्येक पॅकेजने आपापली मर्यादा घातली, तर दोन पॅकेजेसच्या अटी एकमेकींशी जुळत नाहीत आणि काहीच बसवता येत नाही. जावास्क्रिप्ट भाषेच्या एनपीएममध्ये, म्हणजे तिथल्या पॅकेजेसच्या भांडारात आणि ती बसवणाऱ्या साधनात, एकाच पॅकेजच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी नांदू शकतात, म्हणून तिथे हा पेच कमी, पण अवलंबनांची, म्हणजे एक पॅकेज ज्यांवर विसंबते त्या इतर पॅकेजेसची, संख्या मात्र अफाट.

त्या संख्येचे परिणाम २२ मार्च २०१६ रोजी दिसले. एका पॅकेजच्या नावावरून झालेल्या वादात एका प्रोग्रामरने आपली सर्व पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्यांत 'लेफ्ट-पॅड' हे अकरा ओळींचे पॅकेज होते, आणि त्यावर अप्रत्यक्षपणे विसंबलेले बेबलसारखे (नवा जावास्क्रिप्ट कोड जुन्या रूपात बदलणारे साधन) प्रकल्प काही तास अडून राहिले. अशा प्रसंगी लॉक फाइल, म्हणजे प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवून ठेवणारी फाइल, हीसुद्धा कामी आली नसती, कारण मूळ वस्तूच जागेवरून गेली होती. त्यामुळे एनपीएमने पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले.

आमच्यासारख्या प्रसंगावरचा उपाय मात्र लॉक फाइल हाच आहे, आणि तो जुना आहे. रुबी भाषेच्या बंडलर या पॅकेज बसवणाऱ्या साधनात ती २०१० पासून होती. जावास्क्रिप्टमध्ये ऑक्टोबर २०१६ मध्ये यार्न या तशाच साधनाने आणि मे २०१७ मध्ये एनपीएम ५ ने ती रुजवली. पायथनमध्ये पोएट्रीसारखी साधने वेगवेगळी स्वरूपे वापरत राहिली. सर्वांसाठी समान लॉक फाइलचा प्रस्ताव २०२५ मध्ये स्वीकारला गेला.

त्या मंगळवारी आम्ही यादीत वेर्कझॉयग २.२.३ अशी एक ओळ घातली आणि ॲप दुपारी जेवणाआधी सुरू झाले. त्यानंतर, पुन्हा असा फटका बसू नये म्हणून, ॲप नीट चालत असलेल्या एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर 'पिप फ्रीझ' ही बसवलेल्या पॅकेजेसची यादी देणारी आज्ञा चालवून सर्व आवृत्त्या आमच्या यादीत लिहून घेतल्या. त्याने त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये घरचे प्रयोगही केले होते, त्यामुळे बिलांशी काडीचाही संबंध नसलेली पॅकेजेस यादीत शिरली. ती एकेक करून खुडून काढण्यात संध्याकाळ गेली.