वाऱ्याचे झोत आणि हलक्या विमानांचे अवतरण-अपघात

वाऱ्याचा वेग किंवा दिशा क्षणाक्षणाला बदलत असताना हलके विमान उतरवताना वैमानिकाचा ताबा सुटून होणारे अपघात या प्रकारात मोडतात. विमान धावपट्टीवर जोरात आदळते, उसळ्या खाते किंवा पट्टीबाहेर जाते. कधी पंखाचे टोक किंवा प्रोपेलर जमिनीला लागतो. बहुतेक वेळा जीवितहानी होत नाही, पण विमानाचे मोठे नुकसान होते.

हवामानाच्या नियमित अहवालात वाऱ्याचा वेग १० मिनिटांच्या सरासरीने देतात आणि झोत त्याहून किमान १० नॉटांनी (ताशी सुमारे १८.५ किमी.) अधिक असल्यास तो वेगळा नोंदवतात. धोका असतो तो या फरकात. धावपट्टीच्या रेषेत समोरून येणारा २० नॉटांचा स्थिर वारा फारसा त्रास देत नाही. १० ते २० नॉटांमध्ये हेलकावणारा वारा मात्र अनुभवी वैमानिकाचीही परीक्षा पाहतो. विमानाची उचल, म्हणजे पंखांमुळे मिळणारे वरच्या दिशेचे बल, हवेतील वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे ६० नॉटांनी उतरणाऱ्या विमानासमोरचा वारा एकाएकी १० नॉटांनी पडला, तर नाकाचा कोन तोच असतानाही सुमारे ३० टक्के उचल नाहीशी होते, आणि हे जमिनीपासून काही मीटरांवर घडले तर सावरायला उंची उरत नाही. सेस्ना १७२ सारख्या विमानात पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर जेमतेम ७० किग्रॅ. भार असतो, मोठ्या जेट विमानांत तो अनेक पटींनी अधिक असल्याने तोच झोत त्यांना कमी हलवतो. हँगर आणि झाडांच्या रांगांमागे तयार होणारे भोवरे आणि दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारे प्रवाह यांत भर घालतात.

यावर उपाय म्हणून अंतिम टप्प्यातील वेगात झोत आणि सरासरी यांतील फरकाच्या निम्मा वेग मिळवण्याची रूढ पद्धत आहे. त्याहून अधिक वेग ठेवणे सुरक्षित वाटते, पण तसे नसते: विमान पट्टीवर लांबवर तरंगत राहते, आणि ते बळेच टेकवल्यास पुढचे चाक आधी आदळून उसळ्यांची मालिका सुरू होते.

वारा आडवा असल्यास अडचण वाढते. पट्टीशी ३० अंशांचा कोन करणाऱ्या वाऱ्याचा निम्मा वेग आडवा लागतो, म्हणून झोतासह दिशेचाही विचार करावा लागतो. विमानाच्या पुस्तिकेतील आडव्या वाऱ्याचा आकडा हा बहुधा चाचणीत सिद्ध केलेला असतो, कायदेशीर मर्यादा नसतो; नवशिक्याने मात्र स्वतःची मर्यादा त्याच्या बरीच खाली ठेवणेच योग्य.

चाके टेकली म्हणजे अवतरण संपले, ही समजूत अनेक अपघातांच्या मुळाशी आहे. वेग ओसरताना रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभ्या शेपटीवरील फळी) आणि एलेरॉन (विमान कलवणाऱ्या, पंखांच्या मागच्या कडेच्या फळ्या) यांचा प्रभाव घटतो, तर उभ्या शेपटीवर आदळणारा आडवा झोत नाक वाऱ्याकडे वळवतो. शेपटीला चाक असलेल्या विमानांत गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्याने हे वळण आपोआप वाढत जाते आणि विमान जागीच गरकन फिरू शकते. म्हणून वाऱ्याच्या बाजूचा एलेरॉन वर ठेवून विमान थांबेपर्यंत नियंत्रणे सोडायची नसतात.

अवतरण बिघडत असल्यास पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जाणे हा मार्ग आहे, पण तो निर्णय लवकर घ्यावा लागतो. उसळी खाऊन वेग गमावल्यावर थ्रॉटल (इंजिनाची शक्ती वाढवणारा दांडा) एकदम पुढे लोटले, तर नाक वर उठते आणि प्रोपेलरच्या परिणामाने बहुतेक एक-इंजिनी विमाने डावीकडे वळतात. उजव्या पायाने रडर दाबून वळणे आणि नियंत्रण-दांडा पुढे ढकलून नाक आवरले नाही तर जमिनीलगतच स्टॉल होतो, म्हणजे पंखांची उचल एकाएकी ढासळते. या प्रकारातील प्राणघातक अपघातांचे हे एक प्रमुख कारण आहे.