हवामानबदल आणि बालके : मुंबईतील वस्त्या

पृथ्वीच्या सरासरी तापमानात होत असलेल्या वाढीमुळे उष्णता, पाऊस व समुद्रपातळी यांत पडणाऱ्या फरकाचा लहान मुलांच्या आरोग्यावर, आहारावर व शिक्षणावर होणारा परिणाम. युनिसेफने ऑगस्ट 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या बालकेंद्रित जोखीम निर्देशांकात 33 देश अत्युच्च जोखमीचे ठरले असून त्यांत भारत आहे. या देशांत मिळून सुमारे 100 कोटी मुले राहतात. प्रस्तुत नोंद बृहन्मुंबईतील दाट वस्त्यांपुरती आहे. 2011 च्या जनगणनेनुसार शहराची सुमारे दोन पंचमांश लोकसंख्या झोपडपट्ट्यांत राहत होती. तेथील मुलांपर्यंत हवामानबदल पोहोचतो तो छपराच्या पत्र्यातून, पाण्याच्या पिंपातून आणि दारापुढच्या गटारातून.

संज्ञा : मराठीत ‘हवामान’ हा शब्द रोजच्या स्थितीसाठी आणि दीर्घकालीन सरासरीसाठी असा दुहेरी वापरला जातो. दुसऱ्या अर्थासाठी ‘जलवायुमान’ ही काटेकोर संज्ञा कोशवाङ्मयात आहे, पण ती बोलण्यात रुळली नाही. राज्य शासनाच्या विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ असे शब्द आहेत. येथे ‘हवामानबदल’ हा रूढ शब्द घेतला आहे, मात्र अर्थ जलवायुमानाचा आहे. हा भेद नुसता शब्दांचा नाही. सांताक्रूझ येथील 42.2° से. हे उच्चांकी तापमान 14 एप्रिल 1952 चे आहे, तर मार्चमधील 41.7° से. हा उच्चांक 28 मार्च 1956 चा. एखाद्या दिवसाच्या आकड्यावरून बदल सिद्ध होत नाही आणि खोडलाही जात नाही. उकाड्याच्या दिवसांची संख्या, रात्रीचे किमान तापमान व हवेतील दमटपणा यांचा एकत्र विचार करावा लागतो.

रोगभाराचा अंदाज : हवामानबदलामुळे उद्भवणाऱ्या एकूण रोगभारापैकी सुमारे 88 टक्के भार पाच वर्षांखालील मुलांवर पडतो, हे विधान बालरोगविषयक लेखनात वारंवार आढळते. त्याचे मूळ बहुधा जागतिक आरोग्य संघटनेने सन 2000 साठी केलेल्या गणितात असावे. त्यात 1961–90 या काळाच्या सरासरीशी तुलना करून जुलाब, कुपोषण, हिवताप, पूर व उष्णतेचे हृदयविकार एवढेच परिणाम मोजले होते. एकक होते आजारात व अकाली मृत्यूने गमावलेल्या आयुष्यवर्षांचे. लहान मुलाच्या मृत्यूने अधिक वर्षे गमावली जातात, शिवाय निवडलेल्या रोगांपैकी पहिले तीन मुख्यतः बालकांचेच; म्हणून टक्केवारी एवढी चढते. काही अभ्यासक हा आकडा आजही जसाच्या तसा देतात. तो दिशादर्शक मानावा, आजच्या मुंबईचे मोजमाप म्हणून वापरू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते. उष्णतेने वृद्धांचे होणारे मृत्यू, डेंग्यू व मानसिक आघात यांना त्या गणितात पुरेसे स्थान नव्हते.

बालकाचे शरीर व उष्णता : मुलांना घाम कमी येतो, वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते, सबब त्यांना उष्णता प्रौढांपेक्षा कमी सोसते, असे दीर्घकाळ शिकवले गेले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 मध्ये ही भूमिका बदलली : पाणी व विश्रांती पुरेशी मिळाल्यास शाळकरी वयाची निरोगी मुले उष्णता जवळजवळ प्रौढांइतकीच पेलतात. ही सुधारणा व्यायाम करणाऱ्या मोठ्या मुलांविषयी आहे. तान्ह्या मुलांना ती लावता येत नाही. तान्हे मूल तहान सांगू शकत नाही, अंगावरचे कापड काढू शकत नाही आणि ठेवलेल्या जागेवरून हलू शकत नाही. आर्द्र-बल्ब तापमान म्हणजे उष्णता व दमटपणा यांचे एकत्रित माप; माणसाला ते 35° से. पर्यंत सोसते, या प्रसिद्ध सैद्धांतिक मर्यादेबाबतही हेच म्हणावे लागते. नंतर झालेल्या प्रयोगांत तरुण, सुदृढ प्रौढांची मर्यादा सुमारे 31° से. पर्यंत खाली आढळली. ते प्रयोग बालकांवर झालेले नाहीत.

भारतीय हवामान विभाग किनारी केंद्रांवर कमाल तापमान 37° से. किंवा अधिक आणि सरासरीपेक्षा किमान 4.5° से. जास्त असल्यास उष्णतेची लाट मानतो. मुंबईची नोंद प्रामुख्याने कुलाबा व सांताक्रूझ येथे होते. गोवंडी, मानखुर्द, मालवणी वा धारावीतल्या पत्र्याखालचे तापमान तेथे उमटत नाही.

जस्त चढवलेला पत्रा सूर्यकिरण बऱ्यापैकी परतवतो, पण तापल्यावर उष्णता सहज बाहेर टाकत नाही. गंज चढला, धूळ बसली की तो जास्त तापतो. त्याखाली पोटमाळा असतो. मूल त्यावर अभ्यासाला बसले तर डोके आणि पत्रा यांत हातभराचेच अंतर उरते. बाळाची झोळी छपराच्या लोखंडी अँगलला किंवा वाशाला बांधतात. गरम हवा वर साचते, म्हणून दुपारी घरातील सर्वांत तापलेली जागा आणि बाळाची जागा जवळजवळ एकच होते. पंखा तीच हवा खाली लोटतो. सूर्य मावळल्यावर पत्रा लवकर निवतो. तापलेल्या विटांच्या भिंती व अरुंद गल्ल्या मात्र उशिरापर्यंत धग सोडत राहतात.

उपाय साधे आहेत. झोळीची दोरी लांबवून ती जमिनीपासून हातभर उंचीवर आणावी, दुपारी कुंची व दुपटे काढावे, पोटमाळ्यावर मुलांना दुपारी बसवू नये. पत्र्याला पांढरा परावर्तक रंग दिल्यास फरक पडतो, पण धूळ बसल्यावर परावर्तन घटते. दर उन्हाळ्याआधी पत्रा धुवावा लागतो. पावसाळ्यासाठी घातलेली निळी ताडपत्री उन्हाळ्यात तशीच राहिली तर रंगाचा उपयोगच होत नाही. सहा महिन्यांखालील बाळाला कडक उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये, आईचे दूध अधिक वेळा द्यावे. सहा ते आठ तास लघवी न होणे, टाळू खोल जाणे, मूल मलूल पडणे ही धोक्याची लक्षणे होत. अंग 40° से. वर तापून मूल बरळू लागले किंवा झटके आले तर तो उष्माघात समजावा. ओल्या फडक्याने अंग पुसत वारा घालावा व 108 ला कळवावे. तापाचे औषध येथे उपयोगी पडत नाही. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

पाऊस व पूर : 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिमी. पाऊस पडला, त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम 74 मिमी. एवढ्या स्थानिक घटनेला हवामानबदल किती जबाबदार, याविषयी मतभेद आहेत. मात्र 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी कोल व सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवले, आणि त्याची सांगड अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या चढउतारांशी घातली. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था तासाला सुमारे 25 मिमी. पाऊस आणि ओहोटी गृहीत धरून बांधलेली होती. ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ही क्षमता 50 मिमी. करण्याचे ठरले. भरतीच्या वेळी मोठी सर आली की पाणी उलटे फिरून मिठी नदीकाठच्या घरांत शिरते.

पाणी ओसरल्यावर दोन आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिस दिसू लागतो. उंदीर-घुशींच्या मूत्रातील जंतू पायाच्या खरचटलेल्या जागेतून शिरतात. लक्षणे बहुधा 5 ते 14 दिवसांनी येतात. ताप, पोटऱ्यांत दुखणे व डोळे लाल होणे ही त्रयी मुलांत अपुरी दिसू शकते. तुंबलेल्या पाण्यातून चाललेल्यांना महापालिका 72 तासांच्या आत प्रतिबंधक औषध घेण्याचे आवाहन करते. प्रौढांना डॉक्सिसायक्लिन देतात. आठ वर्षांखालील मुलांना दात डागाळण्याच्या भीतीने सामान्यतः अझिथ्रोमायसिन. अलीकडे अल्पकाळ दिलेल्या डॉक्सिसायक्लिनने दात डागाळत नाहीत असे मत बळावले आहे. प्रतिबंधाचा मूळ पुरावा मात्र 1984 साली प्रसिद्ध झालेल्या, पनामात सराव करणाऱ्या अमेरिकी सैनिकांवरील चाचणीचा असून तोही प्रौढांचाच आहे. गोळी घरच्या घरी अंदाजाने तोडून मुलाला देऊ नये. पाय साबणाने धुणे आणि जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावणे हे गोळीइतकेच महत्त्वाचे.

डोंगरउतारावरील वस्त्यांत धोका वेगळा आहे. मालाडच्या पिंपरीपाडा भागात 2 जुलै 2019 च्या पहाटे आणि चेंबूरच्या भारतनगर येथे 18 जुलै 2021 रोजी भिंती कोसळल्या. दोन्ही वेळी माणसे झोपेत होती, मृतांत मुले होती. भिंतीच्या पायथ्याशी पाण्याला वाट देणारी छिद्रे बुजलेली असली की मागचा चिखल भिंतीवर रेटा देतो. छिद्रांतून पाणी येणे बंद होणे, भिंत फुगणे, नवीन तडा जाणे ही घर रिकामे करण्याची खूण समजावी.

पाणी, जुलाब व डेंग्यू : नळाला पाणी ठराविक वेळच येते, त्यामुळे घराघरांत पिंपे भरलेली असतात. एडिस डासाची अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात आणि पाणी चढताच फुटतात. अंड्यापासून डास व्हायला सुमारे 7 ते 10 दिवस लागतात. उष्णतेने हा काळ आणि डासाच्या शरीरात विषाणू वाढण्याचा काळ दोन्ही आखडतात. नुसते पाणी ओतून पिंप पुन्हा भरल्याने काही साधत नाही. आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामे करून आतली कड काथ्याने घासावी, मग घट्ट झाकण किंवा दुहेरी फडके बांधावे.

जुलाबात जलसंजीवनीचे एक लिटरचे पाकीट एकाच वेळी संपूर्ण वापरायचे असते. चूक येथेच होते : एक लिटरचे भांडे हाताशी नसल्याने पेल्यात अर्धे पाकीट टाकतात, द्रावण दाट होते आणि रक्तातले मीठ धोकादायक वाढू शकते. दर जुलाबामागे दोन वर्षांखालील मुलाला 50 ते 100 मिली., त्यापुढच्याला 100 ते 200 मिली. द्यावे; उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून चमच्याने पुन्हा सुरू करावे. द्रावण 24 तासांनी टाकून द्यावे. जोडीला जस्ताची गोळी 14 दिवस : रोज 20 मिग्रॅ., सहा महिन्यांखाली 10 मिग्रॅ. जुलाब थांबले म्हणून गोळी मधेच सोडली जाते. ती पूर्ण करावी.

आहार व शाळा : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019–21) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुले खुरटलेली व 25.6 टक्के मुले कृश आढळली. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाच्या अंगी अन्न लागत नाही. पूर आला की रोजंदारी बुडते, चूल बंद पडते. अंगणवाडीत पाणी शिरले तर पोषण आहारही थांबतो. पावसाळ्यात महापालिकेच्या शाळा तात्पुरते निवारे होतात, तेवढे दिवस वर्ग भरत नाहीत. भिजलेली वह्या-पुस्तके, आधारकार्ड, लसीकरणाचे कार्ड पुन्हा मिळवण्यात आठवडे जातात. पावसाळ्याआधी ती जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवण्याची रीत वस्त्यांत आहे.

धोरण : महापालिकेचा मुंबई वातावरण कृती आराखडा मार्च 2022 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने 2023 च्या सव्विसाव्या सर्वसाधारण टिप्पणीत निरोगी पर्यावरण हा बालकाच्या हक्कांचा भाग मानला. बालहक्क संहितेला भारताने 1992 मध्ये मान्यता दिलेली आहे.