जवसाचं तेल: बियांचं श्रेय बाटलीला कसं मिळालं

लाकडी घाण्यात 10 किलो जवस घातला की साधारण 3 किलो तेल पडतं. उरलेली ढेप, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातली पेंड, गुरांच्या दावणीत जाते. तेल बाटलीत किंवा कॅप्सूलमध्ये भरलं जातं आणि पोटाचा घेर, कोलेस्टेरॉल, साखर यांवरचा उपाय म्हणून विकलं जातं. घोळ इथेच होतो. ज्या प्रयोगांमुळे जवसाचं नाव झालं, त्यांतले महत्त्वाचे प्रयोग दळलेल्या अख्ख्या बियांवर, म्हणजे ढेपेसकट जवसावर झालेले आहेत.

वजन उतरवण्यासाठी जवसाचं तेल प्यावं, असा आपला जुना संकेत नव्हता. संस्कृतात जवसाला अतसी, उमा, क्षुमा म्हणतात. सुश्रुतसंहितेत या तेलाला वातघ्न, उष्ण, पचायला जड आणि पित्त वाढवणारं म्हटलं आहे. डोळ्यांना ते हितकर नाही, असंही सांगितलं आहे. बियांचा ठळक उपयोग बाहेरून व्हायचा: गळवावर किंवा सुजेवर जवसाचं गरम पोटीस बांधायचं. विदर्भात भाताच्या बांधीत कापणीआधी ओलीवर जवस फेकायचा, त्याला उतेरा म्हणतात. तिथे हे तेल रोजच्या फोडणीचं होतं. उग्र वासाचं, पण घरचं. पुढे शेंगदाणा आणि सोयाबीन आल्यावर ते मागे पडलं.

एकोणिसाव्या शतकात जवसाला मोठा गिऱ्हाईक मिळाला तो विलायतेत, आणि तोही खाण्यासाठी नव्हे. क्रिमियन युद्धात (1853–56) रशियाचा माल अडला आणि हिंदुस्थानी जवसाची मागणी वाढली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचल्यावर तिथला माल मुंबई बंदराला लावणं सोपं झालं. रंग, व्हार्निश, छापखान्याची शाई आणि 1860 च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टनने काढलेलं लिनोलियम, सगळ्याला हेच तेल लागे. कारण ते हवेत सुकतं. त्यात निम्म्याहून अधिक वाटा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. या आम्लात तीन दुहेरी बंध असतात, त्यांवर ऑक्सिजन येऊन बसतो आणि तेलाचे रेणू एकमेकांत गुंतून पापुद्रा धरतात. रंगाऱ्याला हवा असलेला हा गुण खाणाऱ्याच्या मुळावर येतो. हे तेल इतर तेलांपेक्षा फार लवकर खवट होतं.

हेच आम्ल पुढे आरोग्याच्या चर्चेत आलं. 1929 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर यांनी उंदरांना चरबीविरहित आहार दिला. त्यांची कातडी आणि शेपटी खवल्यांनी भरली, वाढ खुंटली. काही स्निग्धाम्लं आहारातूनच मिळावी लागतात, हे तिथून कळलं. 1970 च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडच्या इनुइट लोकांचा अभ्यास केला आणि माशांतल्या ओमेगा-3 या स्निग्धाम्लांकडे जगाचं लक्ष गेलं. जवसातलं आम्लही त्याच गटातलं, म्हणून शाकाहारींसाठी जवस हा पर्याय पुढे आला. मात्र शरीर जवसातल्या आम्लाचं माशातल्या इपीए या ओमेगा-3 मध्ये रूपांतर फार थोडं, शेकडा दहाच्या आत करतं, आणि डीएचए हे माशातलं दुसरं ओमेगा-3 तर त्याहून कमी बनतं. माशाच्या तेलाचे निष्कर्ष जवसाच्या बाटलीला चिकटवणं म्हणूनच चूक आहे.

1988 मध्ये जेराल्ड रीव्हन यांनी इन्सुलिनला दाद न देणारं शरीर, वाढलेला रक्तदाब आणि बिघडलेली रक्तातली चरबी यांची सांगड घालून तिला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटलं. पुढे त्यात कमरेचा घेर आला. भारतीयांसाठी पुरुषाला 90 आणि बाईला 80 सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. हृदयासाठी विकलं जाणारं तेल मग कमरेसाठी विकलं जाऊ लागलं.

आता प्रयोगांकडे बघू. 2013 मध्ये कॅनडात पायाच्या धमन्या आकसलेल्या 110 रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा महिने रोज 30 ग्रॅम दळलेला जवस दिल्यावर, तुलनेसाठी ठेवलेल्या गटापेक्षा वरचा रक्तदाब सुमारे 10 आणि खालचा सुमारे 7 अंकांनी कमी आला. कॅनडाच्या आरोग्य खात्याने 2014 मध्ये कोलेस्टेरॉलबाबतचा दावा मान्य केला तो दळलेल्या अख्ख्या जवसापुरता, दिवसाला 40 ग्रॅम. 2017 मध्ये 45 प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा वजनातला सरासरी फरक सुमारे 1 किलो आणि कमरेतला 1 सेंटिमीटरच्या आत होता. परिणाम दिसला तो अख्ख्या जवसाचा, रोज 30 ग्रॅम किंवा जास्त आणि 12 आठवडे किंवा त्याहून जास्त घेतल्यावर, तोही मुळात वजन जास्त असलेल्यांत.

30 ग्रॅम जवसात साधारण 12 ग्रॅम तेल असतं. तेवढं तेल 1 ग्रॅमच्या कॅप्सूलमधून घ्यायचं तर 12 कॅप्सूल लागतील, आणि तरी 8 ग्रॅम तंतू, 5 ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि लिग्नान नावाची वनस्पतिद्रव्यं हातची गेलेलीच. भिजवल्यावर बियांना जो बुळबुळीत चिकटा सुटतो, तोच पोट भरल्यासारखं ठेवतो आणि पित्तातलं कोलेस्टेरॉल बाहेर नेतो. गाळलेल्या तेलात त्याचा लवलेश नसतो. उलट एक मोठा चमचा तेल म्हणजे 120 कॅलरी. रोजच्या फोडणीतून तेवढं तेल कमी केलं नाही तर वजन वाढेलच.

बियाच घ्यायच्या तर मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजाव्यात. कच्च्या जवसातली सायनाइड सोडणारी द्रव्यं त्याने कमी होतात. अख्खी बी तशीच शौचावाटे बाहेर पडते, म्हणून दळायलाच हवी. आठवड्यापुरतीच दळावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवावी. सुरुवात 10 ग्रॅमने करून दोन-तीन आठवड्यांत 30 ग्रॅमवर जावं. प्रत्येक वेळी पेलाभर पाणी प्यावं, नाहीतर चिकटा आतड्यात गोळा होऊन बद्धकोष्ठ होतो. 30 ग्रॅम जवस चटणीतूनच खायचा ठरवला तर मीठ फार पोटात जातं आणि रक्तदाबाचा फायदा तिथेच संपतो. बिनमिठाची पूड वेगळी ठेवून भाकरीच्या पिठात किंवा ताकात घालावी. गोळ्या-औषधं चालू असतील तर दोन तासांचं अंतर ठेवावं, आणि रक्त पातळ करणारी किंवा साखरेची औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं.

तेल हवंच असेल तर थंड दाबाचं, गडद काचेच्या लहान बाटलीतलं घ्यावं, फ्रीजमध्ये ठेवावं, फोडल्यापासून सहा-आठ आठवड्यांत संपवावं आणि तापवू नये. कडू लागलं किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला तर टाकून द्यावं. हार्डवेअरच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड लिनसीड’ नावाने मिळणारं तेलही जवसाचंच असतं, पण लवकर सुकावं म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीजचे क्षार घातलेले असू शकतात. ते लाकडाला लावायचं, पोटात घ्यायचं नाही.